पात्र आणि पात्रता

मराठीत ‘पात्र’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांना खेटून उभे आहेत. नाटकातली वा कादंबरीतली व्यक्ती म्हणजे पात्र. आणि एखाद्या गोष्टीस जो योग्य, तोही पात्र. साहित्याच्या अभ्यासात आपण पहिल्या अर्थानेच हा शब्द वापरतो. पात्राचा विकास कसा झाला, हे आपण परीक्षेतही विचारतो. त्या विकासास ते पात्र होते का, हे मात्र कधी विचारत नाही. परंतु गेल्या पन्नास वर्षांत एक कथनप्रकार असा घडला आहे, की ज्यात हे दोन अर्थ अलग करता येत नाहीत. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांविषयी, म्हणजे रोलप्लेइंग गेम्सविषयी, आम्ही बोलत आहोत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवे. चार-पाच माणसे कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन बसतात. त्यांतला एक संचालक. कल्पित जगाचे वर्णन तो करतो आणि त्या जगातल्या इतर साऱ्यांच्या तोंडून बोलतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राची बाजू घेतात: ते काय बोलते, कोठे जाते, कोणावर तलवार उपसते, हे ठरवतात. जेथे निकाल अनिश्चित तेथे फासे पडतात. खेळ एका बैठकीत संपत नाही; महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे तो चालतो, आणि अशा दीर्घ मालिकेला ‘कॅम्पेन’, आपण मोहीम म्हणू, असे नाव आहे. या मोहिमेत पात्रे वाढत जातात. ही वाढ कागदावर आकड्यांनी नोंदलेली असते. म्हणूनच प्रश्न उभा राहतो: ही वाढ कोणाला द्यायची, किती द्यायची आणि कशाबद्दल द्यायची?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही, हे एका परिचित उदाहरणावरून दिसेल. महाभारतात अर्जुनाला दिव्यास्त्रे मिळतात. नकुल-सहदेवांच्या वाट्याला त्या मानाने फारसे काही येत नाही. याबद्दल कोणी व्यासांकडे तक्रार घेऊन गेल्याचे ऐकिवात नाही. कथेला गौण पात्रे लागतात आणि गौण पात्रांना गौण राहण्याचे दुःख नसते. पण नकुलाच्या जागी आठवड्याची एकुलती सुट्टी खर्ची घालून आलेला एक जिवंत माणूस बसला असेल तर? भूमिकाखेळ हा, आमच्या मते, गौण पात्रांना मज्जाव करणारा कथनप्रकार आहे, कारण त्यात प्रत्येक पात्रामागे एक माणूस बसलेला असतो. पात्रांच्या वाढीचे नियम बदलत गेले त्याचा इतिहास म्हणजे या माणसाला हळूहळू ओळखत जाण्याचा इतिहास होय.

या खेळांचा उगम युद्धखेळांत आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९६९च्या सुमारास डेव्ह वेझली यांनी एका युद्धखेळात सैन्याऐवजी एकेक व्यक्ती एकेका खेळाडूच्या हाती दिली. त्याच मंडळातले डेव्ह आर्नसन यांनी १९७१पासून ‘ब्लॅकमूर’ नावाच्या कल्पित प्रदेशात आपली मोहीम चालवली. युद्धखेळात लढाई संपली की शिपायांच्या बाहुल्या खोक्यात परत जात आणि पुढच्या वेळी सारे पहिल्यापासून सुरू होई. आर्नसन यांच्या टेबलावर तेच पात्र पुढच्या बैठकीत परत येई, आणि आल्यावर ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक समर्थ असे. पात्राला भूतकाळ मिळाला तो असा.

त्याच वर्षी, १९७१ साली, गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा युद्धखेळ प्रसिद्ध झाला. त्याच्या अद्भुतरम्य पुरवणीत ‘हीरो’ हा चार सामान्य सैनिकांच्या तोडीचा आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या तोडीचा मानला होता. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ तीन लहान पुस्तिकांच्या रूपात बाहेर पडला, तेव्हा योद्ध्याच्या चौथ्या पायरीला ‘हीरो’ आणि आठव्या पायरीला ‘सुपरहीरो’ हीच नावे राहिली. पायरी म्हणजे मुळात किती शिपायांची बरोबरी, हे माप. साहित्यात ज्याला आपण व्यक्तिविकास म्हणतो त्याच्याशी तिचा संबंध नव्हता. पुढे त्याच शब्दावर जीवनानुभवाचे ओझे लादले गेले आणि तेथून बरेच घोटाळे सुरू झाले.

त्या पहिल्या नियमांचा हिशेब असा होता. पात्राला ‘एक्स्पिरियन्स पॉइंट्स’, म्हणजे अनुभवगुण मिळत. ते मुख्यतः दोन वाटांनी: राक्षस मारून आणि भुयारांतून धन आणून. सोन्याच्या एका नाण्याला एक गुण. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने राक्षसवधाचे गुण बरेच घटवले आणि धन हाच अनुभवाचा मुख्य झरा झाला. सोने मिळाल्याने अनुभव कसा वाढतो, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. पण खेळाच्या दृष्टीने त्यात एक शहाणपण होते. लढल्याविना, युक्तीने, चोरवाटेने धन आणणाऱ्यालाही तेवढेच गुण मिळत आणि लूट सर्वांत वाटली जात असल्याने अनुभवही वाटला जाई.

पायऱ्यांची किंमत मात्र सर्वांना सारखी नव्हती. दुसरी पायरी गाठण्यास योद्ध्याला २,००० गुण लागत, मांत्रिकाला २,५०० आणि पुरोहिताला १,५००. पहिल्या पायरीवरचा मांत्रिक दिवसातून एक मंत्र म्हणून थकणारा दुबळा जीव; वरच्या पायऱ्यांवर मात्र तोच सर्वांना झाकून टाकी. म्हणजे येथे न्याय काळावर सोपवलेला होता: आज तू सोस, उद्या तुझे दिवस येतील. ज्या मोहिमा उद्यापर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांतल्या मांत्रिकांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

याहून लक्षणीय गोष्ट त्या सारणीच्या चढात दडलेली आहे. योद्ध्याच्या पायऱ्यांचे आकडे २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,००० असे दुपटीने वाढतात. पाचव्या पायरीच्या योद्ध्याकडे १६,००० गुण असतात आणि सहावीसाठी त्याला आणखी १६,००० हवे असतात. आता ज्याचे पात्र मरण पावले, किंवा जो नव्यानेच आला, तो पहिल्या पायरीपासून आरंभ करतो असे समजा. सोबत्यांइतकाच वाटा त्याला मिळत राहिला, तर ते सहावीवर पोचतील तेव्हा तो पाचवीवर असेल. दुपटीची सारणी ही मागाहून आलेल्याला गाठू देणारी सारणी आहे. शिवाय वरच्या पायरीच्या पात्राने सोप्या भुयारात कमाई केली तर त्याचे गुण त्या प्रमाणात कापले जात: आठव्या पायरीच्या मांत्रिकाने पाचव्या स्तरावर मिळवलेल्या गुणांपैकी पाच अष्टमांशच त्याच्या नावे पडत. न्यायाची काळजी पहिल्या दिवसापासून होती, असेच यावरून म्हणावे लागते.

पण तो न्याय कोणासाठी होता? १९७४च्या पुस्तिकेत एका मोहिमेत चार ते पन्नास खेळाडू असू शकतील असे म्हटले आहे. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून त्या काळचे नियम कळत नाहीत. मोहीम म्हणजे एक जग होते; त्यात आज हे पाच, उद्या ते सात जण उतरत. जो आला त्याने कमावले, जो नाही आला त्याचे राहिले. वाढ ही रोजंदारी होती. सर्वांची हजेरी वेगळी, म्हणून सर्वांच्या पायऱ्या वेगळ्या, आणि त्यात कोणाला वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

वावगे वाटावे असे दुसरे काही मात्र होते. आरंभी फासे टाकून पात्राचे गुणधर्म ठरत. ज्याच्या वर्गाला आवश्यक असा गुणधर्म १५ वा अधिक निघे, त्याला पुढे प्रत्येक कमाईवर १० टक्के जादा; ज्याचा ६ वा कमी, त्याची २० टक्के कपात. जन्माने जो आधीच उजवा, त्याची वाढही वेगाने. त्याखेरीज मानवेतरांना मर्यादा होत्या: बुटका योद्धा सहाव्या पायरीवर थांबे, ‘हॉबिट’ चौथ्या. जग मानवप्रधान राहावे आणि इतर वंशांना असलेल्या उपजत शक्तींची भरपाई व्हावी, हा त्यामागचा हेतू. पण कर्तृत्वाला जन्माने घातलेली कमाल मर्यादा ती कमाल मर्यादाच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती निघून गेली. आपल्याकडील वाचकाला या नियमाच्या निरर्थकतेविषयी अधिक सांगण्याची गरज नसावी.

१९७९ साली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेतील संचालकांसाठीचा ग्रंथ आला आणि त्यात गायगॅक्स यांनी न्यायदानाचे काम उघडपणे संचालकाकडे दिले. पुरेसे गुण जमले तरी पायरी आपोआप चढता येत नसे. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागे. ते किती आठवडे, हे संचालकाने दिलेल्या श्रेणीवर ठरे. उत्तम खेळणाऱ्याला एक आठवडा, निकृष्ट खेळणाऱ्याला चार; आणि दर आठवड्याचा खर्च पायरीगणिक १,५०० सुवर्णमुद्रा. निकृष्ट कोण? मागे रेंगाळणारा योद्धा, सोबत्यांना मदत नाकारणारा पुरोहित, हातघाईत उतरू पाहणारा मांत्रिक, समोरून धडक देणारा चोर. म्हणजे स्वभावधर्माला सोडून वागणारा. ‘टाइप’ला जागणारे पात्र चांगले, त्यातून बाहेर पडू पाहणारे वाईट, अशी ही समीक्षादृष्टी होती. भित्र्या योद्ध्याची गोष्ट सांगण्यात एखाद्याला रस असेल, ही शक्यता तीत नव्हती. आमच्यापैकी जे शिकवतात त्यांना या व्यवस्थेत अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आठवल्यावाचून राहणार नाहीत. संचालक येथे परीक्षक झाला, आणि परीक्षक झाला की तो मित्र उरणे अवघड होते.

याच सुमारास इतर ठिकाणी निराळी उत्तरे शोधली जात होती. १९७७ साली आलेल्या मार्क मिलर यांच्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये पात्राची बहुतेक घडण खेळापूर्वीच झालेली असे: नोकरीची वर्षे, तीत मिळवलेली कौशल्ये, आणि फासे फिरले तर खेळ सुरू होण्यापूर्वीच मृत्यू. पुढे वाढ अगदी थोडी. हे प्रौढांचे कथानक होते. १९७८ साली स्टीव्ह पेरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या ‘रूनक्वेस्ट’ने पायऱ्याच काढून टाकल्या. जे कौशल्य प्रत्यक्ष वापरून यश मिळाले त्याच्यापुढे खूण करायची. साहस संपल्यावर शंभरी फासे टाकायचे आणि आकडा सध्याच्या कौशल्याहून वर गेला तरच ते वाढवायचे. जो जितका निष्णात तितके त्याला शिकणे कठीण. एवढ्या साध्या नियमात केवढे निरीक्षण आहे! पण त्यालाही पळवाट सापडली: खुणा जमाव्यात म्हणून खेळाडू एकाच लढाईत कारणावाचून शस्त्रे बदलू लागले. नियम ज्याचे बक्षीस देतो तेच माणसे करतात. १९८१ साली सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’ने तर वाढीची दिशाच उलटी केली. त्यात विश्वाविषयीचे गूढ ज्ञान जसे वाढते तशी शहाणपणाची कमाल मर्यादा खाली येते. तेथे अधिक कोणाला मिळाले, या प्रश्नाची धारच जाते.

ऐंशीच्या दशकात खेळाचे रूप पालटले. १९८४पासून आलेल्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत साहसे ही एका सलग महाकथेची प्रकरणे झाली आणि तीच कथा कादंबऱ्यांतूनही सांगितली गेली. मोहीम म्हणजे ठरावीक चार-सहा जणांची एकच गोष्ट, अशी कल्पना रुजत गेली. आणि येथे जुना हिशेब अन्यायाचा वाटू लागला. पन्नास जणांच्या जगात असमान पायऱ्या खपून जातात. पाच जणांच्या गोष्टीत त्या बोचतात. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीने धनाचे गुण ऐच्छिक केले आणि वर्गागणिक वैयक्तिक बक्षिसे सुचवली: योद्ध्याला पराभूत शत्रूंचे, मांत्रिकाला मंत्रप्रयोगाचे. हेतू चांगला होता. पण एकाच गोष्टीत पाच वेगळ्या तराजूंचा परिणाम असा, की ज्याला संधी आली त्याचे पारडे जड.

येथे आमचा एक अनुभव सांगणे भाग आहे, कारण या विषयाकडे आम्ही वळलो ते त्यामुळेच. आम्ही काही वर्षे एका मोहिमेचे संचालक होतो आणि जो हजर त्यालाच गुण, हा नियम कसोशीने पाळत होतो. नियम सर्वांना सारखा, म्हणून तो निःपक्षपाती, अशी आमची समजूत. आमच्यातल्या एका मैत्रिणीला वडिलांच्या आजारपणामुळे जवळजवळ पाच महिने येता आले नाही. ती परतली तेव्हा तिचे पात्र तिसऱ्या पायरीवर होते आणि इतर सहाव्या. सारणीच्या हिशेबाने ती काही महिन्यांत इतरांच्या जवळ आली असती. पण त्या काही महिन्यांत तिच्या वाट्याला काय होते? दर लढाईत मागे उभे राहणे, पहिल्याच घावाला कोसळणे, आणि दुसऱ्यांनी कसे वाचवले ते ऐकणे. ती दोन बैठकांना आली आणि मग आली नाही. आम्ही तिला नियम समजावून सांगितला होता, हे आज आठवले की लाज वाटते. पात्राच्या गैरहजेरीचा दंड आम्ही एका माणसाच्या दुःखावर बसवला होता.

या गाठीवर सर्वांत धीट विचार आम्हाला आढळला तो जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांच्या ‘आर्स मॅजिका’त (१९८७). मध्ययुगीन युरोपातील मांत्रिकांच्या या खेळात पात्रे उघडउघड असमान आहेत: बलाढ्य मांत्रिक, त्यांचे साहाय्यक, आणि पहारेकरी-नोकर. पण खेळाडू पाळीपाळीने भूमिका बदलतात. आज जो मांत्रिक तो उद्या पहारेकरी, आणि संचालकपदही फिरू शकते. गौण पात्रांना कथेत परत प्रवेश मिळाला, तो कोणीही माणूस कायमचा गौण न ठरता. शिवाय मांत्रिकाची वाढ मुख्यतः ऋतूमागून ऋतू ग्रंथालयात वा प्रयोगशाळेत घालवल्याने होते. साहसाला बोलावले की अभ्यास बुडतो म्हणून कुरकुरणारे नायक आणखी कोठे भेटतील? अध्यापकवर्गाला ते जवळचे वाटावेत.

त्याच ट्वीट यांचा सहभाग असलेल्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने सर्व वर्गांना एकच सारणी दिली. मात्र मृत्यूनंतर जिवंत केलेल्या पात्राची एक पायरी त्यात सहसा कमी होई. पिशाच्चाच्या स्पर्शाने पायऱ्या गमावण्याची जुनी भीतीही थोडीफार शिल्लक होती. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तेही उरले नाही. गुण मोजणे सोडून कथेच्या टप्प्यावर सर्वांना एकदम पायरी द्यावी, हा पर्यायही तिच्या संचालकग्रंथात नोंदला आहे. गैरहजर खेळाडूच्या पात्रालाही समान गुण द्यायला हरकत नाही, गुण मिळतात म्हणून कोणी मुद्दाम खेळ चुकवत नाही, असे त्यात सुचवले आहे. आम्हाला ते वाचायला उशीर झाला.

मग समानता आली आणि प्रश्न सुटला, असे म्हणावे काय? तसे म्हणवत नाही. टप्प्यावर पायरी देण्यात एक धोका आहे: टप्पा कोणता, हे संचालकच ठरवतो. त्याच्या मनातल्या कथानकावर चालणाऱ्याला वाढ, आडवाटेला वळणाऱ्याला नाही, असे नकळत होऊ लागते. सोन्याच्या नाण्याला एक गुण हा नियम ओबडधोबड खरा, पण त्यापुढे संचालकाची मर्जी चालत नसे. शिवाय कृतीशी नाते तुटले की वाढीची गोडीही कमी होते, हेही खरे आहे.

या शतकातील छोट्या प्रकाशकांच्या खेळांनी तिसरी वाट काढली. क्लिंटन निक्सन यांच्या ‘द शॅडो ऑफ यस्टरडे’त (२००४) आपल्याला कशाबद्दल गुण मिळावेत हे खेळाडू स्वतःच निवडतो: कोणी सूडाबद्दल, कोणी भित्रेपणाबद्दलसुद्धा. भित्र्या योद्ध्याला अखेर न्याय मिळाला तो असा. व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये (२०१०) तुमचा कोणता गुणधर्म या बैठकीत फळावा हे दुसरे सांगतात, म्हणजे तुमच्यात त्यांना काय पाहायचे आहे हे कळते. आणि त्यातूनच निघालेल्या ‘डंजन वर्ल्ड’मध्ये (२०१२) फासे चुकीचे पडले की गुण मिळतो. अपयशातून शिकणे ही सुभाषितातली गोष्ट तेथे नियम झाली. ज्याच्या नशिबी ती संध्याकाळ वाईट, त्याची झोळी रिकामी राहत नाही.

या साऱ्यांतून आमच्यापुरता निष्कर्ष असा. पात्राची पात्रता आणि माणसाची पात्रता या दोन गोष्टी आहेत, आणि खेळातले बहुतेक अन्याय त्यांची गल्लत केल्याने होतात. पात्राने काही कमावले असेल तर त्याचे मोल कथेतच द्यावे: नाव, ऋण, वैर, एखाद्या गावाची कृतज्ञता, एखाद्या राजाचा अविश्वास. या गोष्टी खुशाल असमान असाव्यात. असमानतेवाचून कथा नाही. पायऱ्यांचा आकडा मात्र पात्राचा नसून टेबलाशी बसलेल्या माणसाचा आहे. पुढच्या प्रसंगात त्याला बोलायला, करायला किती जागा मिळेल, याचे ते माप आहे. ती जागा सर्वांना सारखी असावी. नव्याने आलेल्यालाही आणि दुःखातून परतलेल्यालाही. आणि वाढ कशाबद्दल, हे मोहिमेच्या आरंभीच सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे संचालकावर परीक्षक होण्याची वेळ येत नाही.

नकुलाला दिव्यास्त्रे मिळालीच पाहिजेत, असे आमचे म्हणणे नाही. नकुलाची गोष्ट घोड्यांचीही असू शकते. पण युद्धाच्या दिवशी, ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न त्याला अर्जुनाइतक्याच उत्सुकतेने विचारला जावा, आणि त्याच्या उत्तराने काही घडावे. आमच्या मैत्रिणीला आम्ही तो प्रश्न विचारत होतो. फक्त तिच्या उत्तराने काही घडणार नाही, अशी व्यवस्था आमच्याच नियमाने करून ठेवली होती.